घरच्या कंप्युटरला अँटिव्हायरस फुकटचा की विकतचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं घरातल्या विंडोज कंप्युटरसाठी आहेत. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच दिली आहेत, म्हणजे स्क्रीनवर शोधायला सोपं जाईल.

आधी थेट सांगा, विकत घ्यायचा की नाही?

बहुतेक घरांत गरज नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून बसवलेला असतो. त्याला लायसन्स की (चालू करण्याचा सांकेतिक क्रमांक) लागत नाही, वर्ष संपलं म्हणून तो बंद पडत नाही आणि दर चार दिवसांनी "अपग्रेड करा" असं डोकं खात नाही. पैसे मोजायला खरी कारणं तीनच. घरात पाच-सहा कंप्युटर-मोबाइल आहेत आणि सगळ्यांची देखरेख एकाच जागेवरून हवी. शिकणाऱ्या मुलांवर वेळेचं आणि साइट्सचं बंधन घालायचं आहे आणि फुकटच्या सोयी पुरत नाहीत. किंवा घरात फक्त वयस्कर माणसं आहेत आणि अडलं तर फोन उचलून समजावून सांगणारं कोणीतरी हवं. "विकतचा जास्त व्हायरस पकडतो" हे आता कारण उरलेलं नाही.

दुकानदार तर डिफेंडरचं नाव काढलं की हसतो.

त्याच्या हसण्याला जुना आधार आहे. २०१२-१३ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टचा तेव्हाचा फुकट अँटिव्हायरस चाचण्यांत मागे पडायचा, आणि ते नाव अजून पुसलं गेलेलं नाही. (बॉक्स विकला की त्याला चार पैसे सुटतात, हेही आहेच. त्यात वाईट काही नाही, पण सल्ला ऐकताना लक्षात ठेवावं.) जर्मनीतल्या मॅग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. १७.५ किंवा जास्त मिळाले की "टॉप प्रॉडक्ट". डिफेंडर गेली कित्येक वर्षं त्या यादीत असतो.

एक उणीव मात्र खरी आहे. डिफेंडरची बरीचशी ताकद इंटरनेटवर आहे: अनोळखी फाइल दिसली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्हजच्या चाचण्यांत नेट तोडल्यावर त्याची पकड ढिली पडलेली दिसते. पावसाळ्यात केबल तुटून दोन दोन दिवस नेट नसलेल्या गोव्यातल्या सत्तरी-सांगेकडच्या घरांनी हे ध्यानात घ्यावं. नेट बंद असताना बाहेरून आलेला पेनड्राइव्ह लावायचा नाही. नेट कायमच बेभरवशाचं असेल आणि पेनड्राइव्हची ये-जा रोजची असेल, तर विकतचा घ्यायचं चौथं कारण तुमच्यापाशी आहे.

डिफेंडर चालू आहे म्हणतात. मग आणखी काय करायचं?

पाच मिनिटांचं काम आहे. स्टार्ट दाबून "विंडोज सिक्युरिटी" उघडा. "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन"मध्ये "मॅनेज सेटिंग्ज"वर जा. तिथे चार गोष्टी चालू हव्यात: रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन, ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन आणि टॅम्पर प्रोटेक्शन. शेवटचं फार महत्त्वाचं. ते बंद असेल तर घुसलेला प्रोग्रॅम सगळ्यात आधी डिफेंडरच बंद करतो. त्याच पानावर खाली "एक्स्क्लूजन्स" पाहा. फॉरमॅट मारून देणाऱ्या काही जणांनी तिथे अख्खा सी ड्राइव्ह घालून ठेवलेला असतो, कारण त्यांनी टाकलेला ॲक्टिव्हेटर (चोरटं विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) डिफेंडर पकडत होता. अशी नोंद दिसली तर काढा आणि लगेच फुल स्कॅन लावा.

मग "ॲप अँड ब्राउझर कंट्रोल"मधलं "रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज". तिथलं "पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग" चालू आहे ना ते बघा. पीडीएफ कन्व्हर्टरसोबत गुपचूप येणारे टूलबार आणि "पीसी क्लीनर" यातच अडतात.

आणि एक सवय: रोजचं काम ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून करू नका. सेटिंग्जमधल्या "अकाउंट्स"मधून मुलांना आणि स्वतःलाही "स्टँडर्ड युजर" खातं बनवा. काही इन्स्टॉल करायचं झालं की पासवर्ड विचारला जाईल. तेवढ्या एका अडथळ्यावर निम्मी भानगड टळते.

"कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" चालू करावं का?

फोटो आणि कागदपत्रं मोलाची असतील तर होय. ते मुळात बंद असतं. "रॅन्समवेअर प्रोटेक्शन"मध्ये सापडेल. चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक वगैरे फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहिता येत नाही, म्हणजे खंडणीवाल्या व्हायरसला फाइल्सना कुलूप घालता येत नाही.

त्रास असा की जुने हिशेबाचे प्रोग्रॅम, गेम्स, स्कॅनरची सॉफ्टवेअर्सही अडकतात. "फाइल सेव्ह होत नाही" किंवा "फाइल नॉट फाउंड" असं काहीतरी भलतंच लिहून येतं आणि माणूस प्रिंटर बदलायला निघतो. अशा वेळी "ॲलो ॲन ॲप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस"मध्ये जाऊन "रिसेंटली ब्लॉक्ड ॲप्स"मधून तो प्रोग्रॅम मोकळा करा. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसवला की ही सोय चालत नाही, हेही जमाखर्चात धरा.

नवीन लॅपटॉपसोबत मॅकॅफी आला आहे. ठेवू?

मुदत किती आहे ते पाहा. तो बहुधा ३० दिवसांचा किंवा वर्षाचा असतो. पैसे भरून पुढे चालवायचा असेल तर ठेवा, नाहीतर आजच काढा. सगळ्यात वाईट अवस्था ही मुदत संपलेल्या अँटिव्हायरसची. तो जागा अडवून बसतो, नवे अपडेट घेत नाही, आणि घरच्यांना वाटतं की अँटिव्हायरस आहेच की. चतुर्थीला घेतलेल्या लॅपटॉपची वर्षाची मुदत पुढच्या चतुर्थीच्या गडबडीत संपते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

काढायचा असा: सेटिंग्ज, ॲप्स, "इन्स्टॉल्ड ॲप्स", तिथून अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट. काही शिल्लक राहिलं तर कंपनीच्या साइटवरचं काढून टाकण्याचं खास टूल चालवा. मॅकॅफी, नॉर्टन, अवास्ट सगळ्यांकडे तसं टूल आहे. नंतर विंडोज सिक्युरिटीतल्या "मॅनेज प्रोव्हायडर्स"मध्ये डिफेंडर चालू दिसतो याची खात्री करा. ही शेवटची पायरी वगळू नका.

दोन अँटिव्हायरस ठेवले तर दुप्पट सुरक्षा?

दुप्पट त्रास. एकाच फाइलवर दोघे एकदम हात टाकतात, कंप्युटर गोठतो, कधी एक दुसऱ्याच्याच क्वारंटाइनला (पकडलेल्या फाइल्सच्या कोठडीला) व्हायरस समजतो. डिफेंडरची गोष्ट वेगळी: दुसरा आला की तो आपणहून बाजूला होतो. दुसरं मत हवंच असेल तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती अधूनमधून हाताने चालवा. सुरुवातीची १४ दिवसांची चाचणी संपली की ती सतत पहारा देत नाही, सांगाल तेव्हाच स्कॅन करते, त्यामुळे भांडण होत नाही.

अवास्ट, एव्हीजी, अविरा हे फुकटचे कसे?

पकडण्यात चांगले. पण फुकट म्हणजे कशाच्या बदल्यात, ते विचारा. अवास्टने वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकली. हे उघड झाल्यावर २०२० मध्ये जम्पशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. गंमत म्हणजे अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावं आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. तेव्हा एकाला कंटाळून दुसऱ्याकडे जाताना आपण दुकान बदललं असं समजू नका.

घरातच दोन खोल्या होमस्टेला देतो. फुकटचा चालेल?

डिफेंडर चालेल. इतर फुकट आवृत्त्या बहुतेक फक्त "वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक" वापरासाठी असतात, आणि पाहुण्यांची बिलं करणारा कंप्युटर त्यात बसत नाही.

इथे अँटिव्हायरसपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (सी-फॉर्म म्हणून ओळखला जाणारा) २४ तासांत ऑनलाइन भरायचा म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाचे स्कॅन घेतले जातात, आणि ते वर्षानुवर्षं डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून राहतात. गरज संपलेले स्कॅन काढा, उरलेले एका फोल्डरात पासवर्ड घालून ठेवा. राउटरमध्ये "गेस्ट नेटवर्क" चालू करून पाहुण्यांना त्याचाच पासवर्ड द्या. म्हणजे त्यांचे लॅपटॉप तुमच्या कंप्युटरच्या नेटवर्कात येणार नाहीत. राउटरवर चिकटवलेला मूळ ॲडमिन पासवर्डही बदला.

बरं, विकतचाच घ्यायचा ठरला. काय बघून घेऊ?

पुण्याचं क्विक हील आणि चेन्नईचं के-सेव्हन हे आपल्याकडचे. म्हापसा-मडगावच्या कुठल्याही कंप्युटर दुकानात मिळतात. बिटडिफेंडर, ईसेट, कॅस्परस्की हे बाहेरचे. (कॅस्परस्कीच्या विक्रीवर अमेरिकेने २०२४ मध्ये बंदी घातली, भारतात नाही.) नावापेक्षा या गोष्टी पाहा.

पहिल्या वर्षाची किंमत फसवी असते. खरी किंमत रिन्यूअलची, आणि ती बरीच जास्त असू शकते. ऑनलाइन घेताना "ऑटो-रिन्यू"ची खूण आधीच लावलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांपर्यंतची अशी रक्कम एकदा संमती दिली की पुढे ओटीपी न विचारता कापता येते. बँकेने किमान २४ तास आधी कळवायचं असतं. तो मेसेज ईएमआयच्या आणि ऑफरच्या मेसेजांत हरवतो. म्हणून घेतल्याच दिवशी खात्यात जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा. मुदत असेपर्यंत संरक्षण चालूच राहतं.

दुकानातून घ्याल तर पक्कं बिल मागा आणि की आपल्यासमोर, आपल्या ईमेलवर नोंदवून घ्या. दुकानदाराच्या ईमेलवर नोंदवलेली की पुढच्या वर्षी रिन्यू करताना, किंवा कंप्युटर बदलताना, हमखास अडते. मुदत साधारणपणे नोंदणीच्या दिवसापासून मोजतात, खरेदीच्या नव्हे.

किती उपकरणं ते मोजून घ्या. "टोटल", "प्रीमियम", "अल्टिमेट" यांत मूळ इंजिन बहुतेक एकच असतं. वाढतात ती जोड-सामानं. व्हीपीएनचा (नेटवरची ये-जा झाकणाऱ्या सोयीचा) कोटा वाचा: बिटडिफेंडरच्या नेहमीच्या पॅकमध्ये दिवसाला २०० एमबीच मिळतात, एक क्रिकेट सामनाही पुरा होत नाही. पासवर्ड मॅनेजर हवा तर बिटवॉर्डन फुकट आहे. "रजिस्ट्री क्लीनर"साठी एक पैसाही देऊ नका.

मुलांसाठी पॅरेंटल कंट्रोल फुकटात होत नाही का?

मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीमध्ये होतं. वेळ, ॲप्स, खर्च सगळं बांधता येतं. खाचखळगा एकच: साइट्सची गाळणी फक्त एज ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे क्रोम आणि बाकीचे ब्राउझर बंद ठेवावे लागतात. मुलं ते दोन दिवसांत शोधून काढतात. इथे विकतचं थोडं सरस पडतं.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हमधल्या फाइल्स गायब, फक्त एक शॉर्टकट दिसतो.

फाइल्स गेलेल्या नाहीत, लपवल्या आहेत. मामलेदार कचेरीजवळच्या दुकानात एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा किंवा दाखला छापायला नेलेला पेनड्राइव्ह दिवसभरात ज्या कंप्युटरला लागतो, त्यालाच आणखी पन्नास पेनड्राइव्ह लागलेले असतात. व्हायरस तुमचे सगळे फोल्डर एका बिननावाच्या लपवलेल्या फोल्डरात सारतो आणि पेनड्राइव्हच्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. त्यावर डबल-क्लिक केलं की व्हायरस चालू होतो, आणि पाठोपाठ तुमचे फोल्डरही उघडतात. म्हणूनच शंका येत नाही.

शॉर्टकटला हात लावू नका. "धिस पीसी"मध्ये पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून "स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर" चालवा. नंतर एक्सप्लोररच्या "ऑप्शन्स"मध्ये "व्ह्यू" टॅब उघडा, "शो हिडन फाइल्स" निवडा आणि "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स"वरची खूण काढा. या दुसऱ्या खुणेशिवाय तो फोल्डर दिसत नाही, आणि नेमकी तीच पायरी बरेच जण विसरतात. आतले फोटो, पीडीएफ, वर्डच्या फाइल्स तेवढ्या कॉपी करून घ्या. प्रोग्रॅम, स्क्रिप्ट किंवा शॉर्टकट कॉपी करू नका. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. क्विक फॉरमॅट पुरतो. शेवटी ती खूण परत लावा.

पुढच्या वेळेसाठी: छपाईला एक वेगळा स्वस्त पेनड्राइव्ह ठेवा, त्यात त्या दिवशीची फाइल तेवढीच. घरी आणल्यावर काही न उघडता फॉरमॅट. व्हॉट्सॲपवर पाठवणं सोपं वाटतं, पण आधार कार्ड दुकानदाराच्या फोनवर राहतं, त्याचा विचार करा.

कोपऱ्यात सारखं "तुमच्या कंप्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले" येतं, आणि स्कॅनमध्ये तर काहीच नाही.

कारण तो व्हायरस नसून जाहिरात आहे. कुठल्याशा साइटवर "ॲलो" दाबलं गेलं आणि तिला सूचना पाठवायची परवानगी मिळाली. क्रोममध्ये सेटिंग्ज, "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", "साइट सेटिंग्ज", "नोटिफिकेशन्स" उघडा आणि परवानगी असलेल्या यादीतली अनोळखी नावं काढा. एजमध्येही असंच. याला घाबरून अँटिव्हायरस विकत घेणारे पुष्कळ आहेत.

पूर्ण स्क्रीन व्यापून भोंगा वाजवणारं आणि "मायक्रोसॉफ्टला फोन करा" म्हणणारं पान आलं तर एस्केपची कळ काही क्षण दाबून धरा, मग ऑल्ट-एफ४. नाहीच बंद झालं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्ट स्क्रीनवर फोन नंबर दाखवत नाही.

विंडोज १० अजून वापरतो. चांगला अँटिव्हायरस घेतला तर पुरेल ना?

नाही. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा राखणदार, भिंतीतलं भगदाड तो बुजवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तेव्हा त्याला अडवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. बुडाले ते अपडेट न घेतलेले.

घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल नाऊ" दिसतं. आवृत्ती २२एच२ हवी. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत, पण त्या म्हणजे सिस्टिमचे अपडेट नव्हेत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (कंप्युटरमधली सुरक्षेची सोय) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तो नसेल तर नव्या अँटिव्हायरसचे पैसे नव्या कंप्युटरसाठी बाजूला ठेवा.

अँटिव्हायरस बसवल्यापासून कंप्युटर रखडतो.

४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर कुठलाही अँटिव्हायरस रखडवणार. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि दोष "अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल"वर, म्हणजे डिफेंडरवर, जातो. इलाज एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. संरक्षण बंद करणं हा इलाज नव्हे.

डिजिटल सिग्नेचर चालत नाही, जीएसटी पोर्टलवर अडतं.

विकतच्या पॅकमधली फायरवॉल किंवा "एचटीटीपीएस स्कॅनिंग" बहुतेक आड येतं. ते सुरक्षित जोडणीच्या मध्ये आपलं स्वतःचं प्रमाणपत्र घुसवतं, आणि ईएमसायनरसारखं तुमच्याच कंप्युटरवर चालणारं डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर त्यात अडकतं. ईएमसायनरला अपवादांच्या यादीत घाला. सगळा अँटिव्हायरस बंद करून रिटर्न भरायची सवय लावू नका. परत चालू करायचं राहून जातं.

अँटिव्हायरस असूनही खात्यातले पैसे गेले. कंपनी भरून देईल?

नाही. वीज खात्याच्या नावाने "आज रात्री वीज तोडणार" असा मेसेज आला, त्यावरच्या नंबरला फोन केला, एनीडेस्क (दुरून कंप्युटर-मोबाइल हाताळायचं सॉफ्टवेअर) टाकलं आणि ओटीपी सांगितला, तर यात पकडण्याजोगा व्हायरस कुठेच नाही. एनीडेस्क हा कायदेशीर प्रोग्रॅम आहे. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. त्यानंतर बँक आणि पोलीस ठाणं. रायबंदरला सायबर गुन्हे शाखेचं ठाणं आहे.

व्हायरस शिरल्याची दाट शंका आहे. क्रमाने काय करू?

नेट तोडा, बाहेरची डिस्क काढा. दुसऱ्या उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हेच आजकालच्या चोरांचं पहिलं लक्ष्य असतं, आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत येतात ते बहुधा हेच चोर. मग नेट जोडून डिफेंडर अपडेट करा आणि "स्कॅन ऑप्शन्स"मधून "ऑफलाइन स्कॅन" लावा. कंप्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच सुमारे १५ मिनिटं तपासणी चालते. दडून बसणारे यात सापडतात. फाइल्सना कुलूप लागलं असेल तर पैसे भरण्याआधी "नो मोअर रॅन्सम" या साइटवर चावी आहे का ते पाहा. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये ती सुरू केली, आणि ती फुकट आहे.

मग वाचवलेल्या पैशांचं काय करू?

१ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क. आठवड्यातून एकदा जोडा, "फाइल हिस्टरी"ने बॅकअप घ्या, आणि काढून ठेवा. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइल्सनाही खंडणीवाला व्हायरस कुलूप घालतो. जून ते सप्टेंबर ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, विशेषतः किनाऱ्याजवळच्या घरांत. खारट दमट हवेने यूएसबीची टोकं गंजतात. लग्नाचे फोटो आणि जमिनीची कागदपत्रं यांची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी.

मॅकला लागतो का?

वेगळा नाही. एक्सप्रोटेक्ट आणि गेटकीपर या संरक्षणाच्या सोयी त्यात असतातच. अपडेट घेत राहा, आणि कुठल्या साइटने "ही ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा" सांगितलं तर चिकटवू नका.